पात्र कोण? सेवेकरी आणि सेवार्थी यांच्या नात्याचा इतिहास

महोत्सवाची स्मरणिका निघाली म्हणजे ख्रिस्तमंदिराचा पाया केव्हा घातला गेला, घंटा कोठून आली, कोणत्या धर्मगुरूंनी किती वर्षे सेवा केली, ह्या गोष्टींचा वृत्तांत तीत अगत्याने दिला जातो. आणि तो दिला जावा हे योग्यच होय. परंतु दगडविटांच्या ह्या इतिहासाला लागूनच दुसरा एक इतिहास चालत असतो व त्याची नोंद कोणत्याही वहीत सहसा होत नाही. दुःखाने गांजलेला मनुष्य दाराशी येतो. आतला मनुष्य दार उघडून त्याला ‘या, बसा’ म्हणतो, किंवा म्हणत नाही. पुढे त्या दोघांमध्ये जे नाते जुळते त्यावरच पुष्कळदा साहाय्याचे फळ अवलंबून राहते. हे नाते कसे असावे ह्याविषयी गेल्या चारशे वर्षांत माणसांनी जे विचार केले व जे प्रयोग केले, त्यांची हकीकत वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

हा विषय आम्हांस दूरचा वाटत नाही. आमचे मनीषनगर हे महाल-इतवारीसारखे जुन्या पेठांचे ठिकाण नव्हे. वर्धा मार्ग सोडून रेल्वेचे रूळ ओलांडले म्हणजे पूर्वेस, सोमलवाडा व बेसा ह्या बाजूंना पसरत गेलेली ही नवी वस्ती आहे, आणि येथील कुटुंबे नोकरीधंद्याच्या निमित्ताने ठिकठिकाणाहून येऊन वसलेली आहेत. जुन्या वाड्यात एका घरचे भांडण चौकात ऐकू जाई आणि कोणी वडीलधारी बाई ‘काय गं, झाले तरी काय?’ म्हणून विचारीत असे. त्या विचारण्यात चौकसपणाही पुष्कळ असे, हे खरे. पण विचारणारे कोणी होते. बंद दाराच्या सदनिकेत ती सोय उरली नाही. म्हणून जे काम पूर्वी आजी, मामा आणि आळीतील चार शहाणी माणसे करीत, तेच काम आता रीतसर शिक्षण घेतलेले समुपदेशक व समाजकार्यकर्ते करू लागले आहेत. त्यांच्या विद्येत ‘समानुभूती’ हा शब्द वारंवार येतो. तो कोठून आला आणि त्याचा खरा अर्थ काय, हे समजण्यास बरेच मागे गेले पाहिजे.

आपल्याकडील दानविचारात देश, काल आणि पात्र ही तीन अंगे पूर्वीपासून सांगितलेली आहेत. पैकी ‘पात्र’ हे अंग सर्वांत अवघड. घेणारा त्या दानास लायक आहे काय, ही त्यातील पृच्छा होय. ही पृच्छा केवळ आपल्याकडेच होती असे नाही. लंडन शहरात इ. स. १८६९ मध्ये धर्मादायाची घडी बसविण्यासाठी जी संस्था निघाली तिच्या कार्यकर्त्यांनीही गरिबांचे ‘लायक’ आणि ‘नालायक’ असे दोन वर्ग मनाशी धरले होते. आणि आमच्या विदर्भात तर हा शब्द शासनाच्या कागदावर जसाच्या तसा उतरला आहे. कर्जापायी जीव देणाऱ्या शेतकऱ्याच्या कुटुंबास एक लाख रुपये साहाय्य देण्याचा निर्णय २००६ साली अमलात आला, तेव्हापासून प्रत्येक मृत्यूची चौकशी होते: जमीन कोणाच्या नावे होती, कर्ज कोणाचे होते, परतफेडीचा तगादा लागला होता काय. मग प्रकरणावर ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शेरा पडतो. सरकारी पैशाचा हिशेब असावाच लागतो. त्यास आमचा आक्षेप नाही. परंतु ज्या घरचा कर्ता पुरुष गेला त्या घरातील बाईशी जगाचे पहिले बोलणेच जर पात्रतेच्या चौकशीने सुरू झाले, तर तिचे खरे बोलणे मनातच राहते. चौकशी आणि ऐकणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढे ओळखण्यास माणसांना फार काळ लागला.

ह्या इतिहासाचा आरंभ आम्ही फ्रान्स देशातील शातिलाँ ह्या लहानशा गावापासून धरतो. इ. स. १६१७ च्या ऑगस्ट महिन्यात तेथील धर्मगुरू व्हिन्सेंट डी पॉल ह्यांस असे कळले की, गावाबाहेरच्या एका घरी सगळी माणसे आजारी पडली असून त्यांना पाणी देण्यास देखील कोणी नाही. त्यांनी प्रवचनात ही गोष्ट सांगितली. दुपारी ते स्वतः तिकडे निघाले तो वाटेवर स्त्रियांची रीघ लागलेली! प्रत्येकीच्या हाती काही ना काही शिधा. दुसरा कोणी असता तर हे दृश्य पाहून धन्य झाला असता. व्हिन्सेंट ह्यांस मात्र असे वाटले की, आज एवढे अन्न जमेल की ते नासून जाईल, आणि उद्यापासून ती माणसे पुनः उपाशी पडतील. दया पुष्कळ होती, पण तिला वळण नव्हते. तेव्हा त्यांनी त्याच वर्षी तेथील स्त्रियांचा एक सेवासंघ स्थापून त्याचे नियम लिहून काढले. हे नियम आजही वाचण्यासारखे आहेत. जेवण घेऊन जाणाऱ्या बाईने रुग्णास आनंदाने अभिवादन करावे, ताट कसे मांडावे, आणि पोटच्या मुलाला भरवावे तशा मायेने त्यास कसे जेऊ घालावे, हे सर्व त्यांत सांगितले आहे. शिधा पोहोचवून परतणे एवढ्याने काम झाले असे त्यांनी मानले नाही. पुढे १६३३ साली लुईज द मारियाक ह्यांच्या साह्याने त्यांनी सेवाभगिनींचा संघ स्थापिला. ह्याच लुईजबाईंना १९६० साली पोप तेविसावे योहान ह्यांनी समाजसेवकांच्या आश्रयदात्या संत म्हणून घोषित केले.

दोनशे वर्षांनंतर, १८३३ साली, पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांसह व्हिन्सेंट ह्यांच्या नावाचे मंडळ काढले. गरिबांच्या घरी जाण्याची रीत ह्या तरुणांना रोझाली रंद्यू ह्या सेवाभगिनीने शिकविली. घरी जावयाचे, बसावयाचे, आणि पुनः जावयाचे, ही त्या मंडळाची मुख्य रीत. आणि ती अनेक धर्मग्रामांत अद्यापि पाळली जाते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ह्या भेटींना शास्त्राचे रूप येऊ लागले. अमेरिकेतील मेरी रिचमंड ह्या बाईंनी १८९९ साली गरिबांच्या घरी मैत्रीच्या भावनेने कसे जावे ह्यावर पुस्तक लिहिले आणि १९१७ साली ‘सोशल डायग्नोसिस’ हा मोठा ग्रंथ सिद्ध केला. कुटुंबाची माहिती कशी मिळवावी, कोणाकोणास भेटावे, नोंद कशी ठेवावी, ह्याचे तपशीलवार शास्त्र त्यात आहे. ज्याला मराठीत आपण व्यक्तिसाहाय्य म्हणतो त्या कामाची ती पहिली पोथी होय. रिचमंडबाईंनी प्रत्येक कुटुंबाचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे हे ठासून सांगितले, हा त्यांचा मोठाच उपकार. परंतु हाती कागद आला की मनुष्य कागदाकडेच पाहू लागतो. शिष्यांच्या हातून पुष्कळ वेळा माणसाची ‘केस’ झाली आणि केस फायलीत जाऊन बसली.

येथे थोडे थांबून आम्ही वाचकांस नागपुरात आणू इच्छितो. कारण ज्या काळात अमेरिकेत हे ग्रंथ लिहिले जात होते, त्याच काळात सीताबर्डीवर एक बाई ग्रंथावाचून तेच शास्त्र आचरीत होत्या. कमलाबाई होस्पेट ह्या बालविधवा. त्या काळी विधवेपुढे माजघराच्या कोपऱ्यापलीकडे वाट नसे. त्यांनी नागपूरच्या डफरीन रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेतले, आणि १९२१ साली वेणूताई नेने ह्यांच्या साह्याने मातृसेवा संघ स्थापन केला. बाळंतपण म्हणजे घरातील अंधाऱ्या खोलीत, अशिक्षित सुइणीच्या हाती व्हावयाचे, अशी समजूत असण्याचे ते दिवस. रुग्णालयाचे नाव काढताच घरातील बायका घाबरत. अशांचा विश्वास मिळविणे ही औषधापूर्वीची गोष्ट होती. जी बाई आपल्यासारखीच लुगडे नेसते, आपल्याच बोलीत बोलते, जिने स्वतः दुःख भोगले आहे, तिच्या हाती आपला जीव द्यावयास स्त्रिया धजावल्या. पुढे संघाचा विस्तार नागपूरबाहेरही झाला, कमलाताईंना १९६१ साली पद्मश्री मिळाली, आणि ह्याच संघाने १९५८ साली नागपुरात समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था सुरू केली. ह्या क्रमाकडे वाचकांनी लक्ष द्यावे. आधी नाते, मग रुग्णालय, आणि सदतीस वर्षांनी त्या नात्याचे शास्त्र शिकविणारी शाळा.

परंतु येथे एक कठीण प्रश्न उभा राहतो. कमलाताईंना विधवेचे दुःख कळले, कारण त्या स्वतः त्या दुःखातून गेल्या होत्या. ज्याने ते भोगले नाही त्याने काय करावे? ‘परदुःख शीतल’ अशी आपली म्हण आहे. दुसऱ्याच्या जळण्याचा चटका आपल्याला बसत नाही. दुसऱ्याच्या कुळी जन्मल्यावाचून त्याची कळ कळत नाही, असेही आपण म्हणतो. हे जर अक्षरशः खरे मानले तर विधवेने विधवेचे, व्यसनीने व्यसनीचे आणि कर्जबाजाऱ्याने कर्जबाजाऱ्याचेच समाधान करावे. इतरांनी तोंड घालू नये. मग सगळे सेवाशास्त्रच संपले.

ह्या प्रश्नाचा छडा ज्यांनी लावला त्यांमध्ये एका स्त्रीचे नाव आम्हांस विशेष आदराने घ्यावेसे वाटते. समानुभूतीसाठी जर्मन भाषेत जो शब्द आहे तो मूळचा कलाविचारातला. रॉबर्ट फिशर ह्या पंडिताने १८७३ साली तो वापरला तेव्हा चित्र किंवा शिल्प पाहताना मन त्यात कसे शिरते एवढाच त्याचा विषय होता. १९०९ साली टिचनर ह्या मानसशास्त्रज्ञाने त्यावरून इंग्रजीत ‘एम्पथी’ हा नवा शब्द घडविला. पण माणूस माणसाला कसा समजतो, ह्या प्रश्नाला एडिथ स्टाईन ह्यांनी थेट हात घातला. ब्रेस्लाऊ येथील ज्यू कुटुंबात १८९१ साली त्यांचा जन्म झाला. तत्त्वज्ञ हुसर्ल ह्यांच्यापाशी त्या शिकत होत्या. महायुद्ध सुरू झाले तेव्हा अभ्यास बाजूस ठेवून १९१५ साली त्या साथीच्या रोगांच्या लष्करी रुग्णालयात परिचर्येस गेल्या. तेथे ऑस्ट्रियाच्या सैन्यातील नाना भाषांचे सैनिक विषमज्वराने तळमळत पडलेले. एकाची बोली दुसऱ्यास कळेना आणि परिचारिकेलाही कळेना. तेथून परतल्यावर १९१६ साली त्यांनी समानुभूतीच्या प्रश्नावरच आपला प्रबंध पूर्ण केला.

त्या प्रबंधाचे सार आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. माझा मित्र येऊन ‘माझा भाऊ गेला’ असे म्हणतो. त्याच्या चेहऱ्यावरील दुःख मी पाहतो, त्या दुःखाच्या ओढीने मनाने त्याच्या शेजारी जाऊन उभा राहतो, आणि ते ज्या वस्तूकडे पाहत आहे तिकडे मीही पाहू लागतो. तथापि ते दुःख त्याचे आहे, माझे नव्हे, ही जाणीव एक क्षणही सुटत नाही. ती सुटली तर समानुभूती राहत नाही. मग दोघेही एकाच पुरात वाहून जातात. म्हणजे दुसऱ्याच्या कुळी जन्म घेण्याची गरज नाही, आणि जन्म घेतल्याचा आव आणणे तर त्याहून वाईट. ‘मला कळते हो तुमचे’ असे जो पहिल्या दोन मिनिटांतच म्हणतो त्याला बहुधा काही कळलेले नसते, हा अनुभव वाचकांसही असेल. एडिथबाईंनी १९२२ साली कॅथलिक धर्माची दीक्षा घेतली, १९३३ साली त्या कोलोन येथील कार्मेल मठात गेल्या, आणि १९४२ च्या ऑगस्ट महिन्यात नाझी राज्यकर्त्यांनी त्यांना बहिणीसह आऊशविट्झच्या छावणीत ठार केले. १९९८ साली पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी त्यांस संतपद दिले. त्यांचा प्रबंध श्रद्धेच्या पूर्वीच्या काळातील आहे, हे मात्र विसरू नये. तो तर्कशुद्ध तत्त्वज्ञानाचा ग्रंथ आहे.

तत्त्वज्ञानातून हा विचार उपचाराच्या खोलीत उतरला तो अमेरिकेत. कार्ल रॉजर्स हे तरुण मानसशास्त्रज्ञ १९२८ पासून सुमारे बारा वर्षे रोचेस्टर शहरी वाट चुकलेल्या व छळ सोसणाऱ्या मुलांसाठी काम करीत होते. त्यांनीच पुढे सांगितलेली एक गोष्ट अशी. एका दांडगट मुलाच्या आईशी त्यांच्या पुष्कळ भेटी झाल्या. मुलाच्या वागण्याचे मूळ आईने त्याला लहानपणी दूर लोटण्यात आहे, असे त्यांचे निदान होते आणि ते तिला पटविण्याची त्यांनी शिकस्त केली. काही उपयोग झाला नाही. अखेर दोघांनीही हे थांबवावे असे ठरले. बाई उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, येथे मोठ्या माणसांना सल्ला देता काय? होय म्हणताच त्या खुर्चीवर परत आल्या आणि आपल्या संसाराची सारी कथा त्यांनी ओतली. ती पूर्वीच्या रुक्ष माहितीहून अगदी निराळी होती. रॉजर्स ह्यांनी त्यातून असा बोध घेतला की, काय खुपते, कोणीकडे जावयाचे, हे येणाऱ्यालाच ठाऊक असते. ही दृष्टी त्यांना घडविण्यात समाजकार्यकर्त्यांच्या एका पंथाचाही हात होता. उपचारशास्त्रज्ञांनी समाजसेवकांना शिकविले असे नेहमी म्हणतात. येथे विद्या उलट दिशेने वाहिली.

१९४२ च्या आपल्या ग्रंथात रॉजर्स ह्यांनी ‘पेशंट’ हा शब्द टाकून ‘क्लायंट’ हा घेतला. हा शब्दही निर्दोष नाही. प्राचीन रोमात धनिकाच्या आश्रयाने राहणाऱ्यास हे नाव होते; पुढे वकिलाच्या पक्षकारास ते लागले. मराठीत कोणी त्यास अशील म्हणून पाहिले, कोणी ग्राहक. शेवटी समाजकार्याच्या मराठी पुस्तकांत ‘सेवार्थी’ हा शब्द रुळला. ‘याचक’ ह्या शब्दातील हात पसरणे त्यात नाही आणि ‘लाभार्थी’ ह्या सरकारी शब्दातील रांग नाही, म्हणून आम्हांस तो बरा वाटतो.

आता १९५७ साल. ह्या एका वर्षी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, दोन लेखन प्रसिद्ध झाली. एक रॉजर्स ह्यांचा निबंध. दुसरा शिकागोच्या लोयोला विद्यापीठातील येशूसंघीय धर्मगुरू फादर फेलिक्स बिएस्टेक ह्यांचा ‘द केसवर्क रिलेशनशिप’ हा ग्रंथ. हा लहानसा ग्रंथ पुढे समाजकार्याच्या शाळांतून जगभर पढविला गेला. भारतातील विद्यार्थ्यांनाही त्यातील सात तत्त्वे पाठ असतात. पाठ असणे आणि उमजणे ह्यांत अंतर आहे, म्हणून त्यांची यादी न देता त्यांच्या मुळाशी काय आहे ते आम्ही सांगू. फादर बिएस्टेक म्हणतात की, साहाय्यास येणारा मनुष्य काही गरजा घेऊन येतो. आपण एक व्यक्ती म्हणून वागविले जावे, आपल्याला मन मोकळे करता यावे, आपल्यावर न्यायाधीशासारखा निवाडा होऊ नये, आपला निर्णय आपल्याला घेऊ द्यावा, आपले गुपित राखले जावे. त्या गरजा तो बोलून दाखवीत नाही. त्याच्या धास्तीतून त्या सेवकाकडे जातात. सेवक त्या ओळखतो व त्यांना मनाने प्रतिसाद देतो. येथपर्यंत दोन टप्पे झाले. तिसरा टप्पा असा की, सेवकाने ओळखले आहे हे सेवार्थ्याला कळते. हा तिसरा टप्पा घडला नाही तर पहिले दोन वाया गेले. आणि रॉजर्स ह्यांच्या निबंधातही शेवटची अट हीच आहे: समजून घेतले जात आहे ह्याची जाणीव येणाऱ्याला काही अंशी तरी झाली पाहिजे. एक धर्मगुरू, दुसरा धर्मशास्त्राची पाठशाळा सोडून मानसशास्त्राकडे वळलेला. दोघे एकाच ठिकाणी येऊन पोहोचले. आपल्या मनात दया किती उचंबळली ह्याला महत्त्व नाही. समोरच्यापर्यंत ती पोहोचली काय, हाच प्रश्न.

स्वीकार आणि संमती ह्यांतील फरक फादर बिएस्टेक ह्यांनी फार स्पष्ट केला. दारू पिऊन बायकोला मारणारा मनुष्य समोर बसला आहे. त्याच्या माणूसपणाचा स्वीकार करावयाचा, त्याच्या मारण्यास मान डोलवावयाची नाही. कॅथलिक वाचकांस ही भाषा पापनिवेदनाच्या खुर्चीमुळे परिचित आहे. तथापि त्या दोहोंत भेद आहेच. धर्मगुरूपाशी कबूल केलेले गुपित कोणत्याही कारणास्तव उघड करता येत नाही. समाजसेवकाचे गुपितपालन तसे निरपवाद नाही. कोणाच्या जिवाला धोका असेल तर त्याला बोलावे लागते, आणि हे त्याने पहिल्याच भेटीत सांगितले पाहिजे. भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाच्या गुपितास संरक्षण दिले ते देखील अशा अपवादांसह.

हे शास्त्र आपल्या देशात आले ते मुंबईच्या नागपाडा भागातून. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट ह्यांनी तेथे शेजारगृह उघडले, आणि त्यातूनच १९३६ साली सर दोराबजी टाटा ह्यांच्या नावाची समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली. पुढील वर्षी शाळेने बालमार्गदर्शन चिकित्सालय सुरू केले. १९४४ पासून ती टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. तेथील पुस्तके इंग्रजी, उदाहरणे अमेरिकेची. ती शिकून विद्यार्थी चाळीत आणि वस्तीत गेले तेव्हा त्यांना निराळाच अनुभव येऊ लागला. पुस्तक म्हणते, निर्णय सेवार्थ्याला घेऊ द्या. समोरची बाई म्हणते, ‘ताई, तुम्हीच सांगा, मी काय करू? तुम्ही शिकलेल्या आहात.’ ह्या ‘ताई’ला काय उत्तर द्यावयाचे? डॉ. जसवंतसिंग नेकी ह्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९७३ साली असा विचार मांडला की, भारतीय रुग्णाला समपातळीवरचा करार परका वाटतो. गुरु-शिष्याचे नाते हा येथील उपचाराचा नमुना होऊ शकेल काय, हे पाहावे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. ताई, दादा, काका ही संबोधने आपल्याकडे विश्वासाची दारे आहेत. ती बंद करून कोरडे ‘श्रीमती’ म्हटल्याने काही साधत नाही. पण गुरु होणे सोपे नसते, आणि गुरु झाल्याचा भास होणे फारच सोपे. ज्या समाजात शिकलेला बहुधा वरच्या जातीचा व पैसेवाला, आणि येणारा बहुधा त्याच्या उलट, तेथे सल्ल्याची आज्ञा व्हावयास वेळ लागत नाही. म्हणून आमचे मत फादर बिएस्टेक ह्यांच्या बाजूस झुकते. ताई व्हावे, पण निर्णय ताईने घेऊ नये.

ह्याची कसोटी कोठे लागते ते पाहा. १९८४ साली टाटा संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला; पुढे असे कक्ष राज्यात अन्यत्र निघाले. मार खाऊन आलेली स्त्री ठाण्यात शिरताच पूर्वी तिला ऐकावे लागे, ‘घरचे भांडण आहे, समजुतीने घ्या.’ तेथेच आता तिच्या बाजूने ऐकणारी कार्यकर्ती बसू लागली. परंतु ह्या कार्यकर्तीपुढचा पेच मोठा आहे. सर्व हकीकत सांगून, अंगावरचे वळ दाखवून, ती स्त्री शेवटी म्हणते, ‘मी घरी परत जाते.’ आत मुले आहेत, माहेरी जागा नाही, हातात पैसा नाही. अशा वेळी रागावणारा सेवक तिला कायमची गमावतो, कारण पुढल्या खेपेस ती येतच नाही. तिला धोका समजावून सांगणे, कायद्याने काय मिळते ते सांगणे, रात्री-अपरात्री कोणाकडे जाता येईल ते आधीच ठरवून ठेवणे आणि दार उघडे ठेवणे, एवढेच हाती राहते. ज्यांना हे ‘काहीच न करणे’ वाटते त्यांनी एकदा करून पाहावे.

धर्मसभेलाही हे ऐकणे शिकावे लागले, आणि ते येथे सांगण्यात आम्हांस संकोच वाटत नाही. १९१७ च्या धर्मविधिसंहितेनुसार जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती दफनविधी नाकारला जाई. ज्या घरावर हा प्रसंग येई त्या घरच्यांना शोकाबरोबर लाजेचेही ओझे वाहावे लागे. १९८३ च्या नव्या संहितेतून तो निषेध गळाला. आणि १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात स्पष्ट म्हटले गेले की, तीव्र मानसिक व्याधी, यातना वा भय ह्यांमुळे अशा मनुष्याचे उत्तरदायित्व कमी होऊ शकते, आणि त्याच्या तारणाची आशा सोडू नये. राज्याचा कायदा त्याहून उशिरा वळला. दंडसंहितेच्या ३०९ व्या कलमान्वये आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता; २०१७ च्या कायद्याने असा मनुष्य तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरावयास सांगितले, आणि २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या न्यायसंहितेत ते जुने कलम उरले नाही. जो वाचला त्याला पूर्वी पोलीस विचारीत. आता डॉक्टर व समुपदेशक विचारतात. विचारणे दोन्हीकडे आहेच. फरक स्वरात आहे.

विदर्भात ह्या स्वराचा प्रयोग अमरावती जिल्ह्यातील तीस खेड्यांत झाला. त्याचे नाव ‘विश्राम’. डॉक्टरांची वाट न पाहता गावातीलच साध्या माणसांना शिकवून घरोघर पाठविले. मन खचल्याची लक्षणे काय, बोलण्यास कोठे जावे, हे त्यांनी गावच्या भाषेत सांगितले. खिन्नतेने ग्रासलेल्यांपैकी पूर्वी शेकडा ४.३ माणसेच कोणाकडे साहाय्यास जात होती; दीड वर्षाच्या कामानंतर हे प्रमाण शेकडा २७.२ झाले, असा अहवाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. शेकडा सत्तावीस म्हणजे अजून पाऊणशे घरीच बसलेले, हे आम्ही नजरेआड करीत नाही. गोव्यात तर ‘संगाथ’ ह्या संस्थेने त्याआधीच चोवीस आरोग्यकेंद्रांत व दवाखान्यांत असा प्रयोग केला होता व त्याचे निष्कर्ष २०१० साली बाहेर आले. तेथेही ऐकणारे समुपदेशक डॉक्टर नव्हते. थोड्या महिन्यांचे शिक्षण घेतलेल्या सामान्य व्यक्ती होत्या. सरकारी केंद्रांत आलेल्या रुग्णांना त्यांचा विशेष गुण आला. आमची समजूत अशी की, गोमंतकातील असो वा वऱ्हाडातील, मनुष्य आपल्या दुःखाची वाच्यता आपल्याच बोलीत करतो, आणि ती बोली जाणणारा तज्ज्ञ नसला तरी चालते. मात्र त्याला गप्प बसावयास शिकविलेले असले पाहिजे.

गप्प बसणे हे कामातील सर्वांत कठीण अंग होय. आपल्याकडे सांत्वनास जाणारा मनुष्य दोन मिनिटे शांत बसला तर त्यास अवघडल्यासारखे होते. मग तो ‘देवाची मर्जी’, ‘असायचेच’, ‘धीर धरा’ असे काहीतरी बोलून स्वतःचाच जीव हलका करून घेतो. शिकाऊ कार्यकर्त्यांस म्हणून पहिल्याने ओठ मिटून बसण्याचा सराव करवितात. समोरचा थांबला तर त्याने वापरलेलाच शब्द त्याला परत द्यावयाचा, नवा शब्द आपण पुरवावयाचा नाही. आणि रोज दुसऱ्यांचे ऐकणाऱ्याचेही कोणी ऐकणारे असावे लागते. अनुभवी मार्गदर्शकापुढे कार्यकर्त्याने आठवड्याच्या आठवड्यास आपले काम मांडावे, अशी शिस्त ह्या विद्येत आहे. ती जेथे पाळली जात नाही तेथे चांगली माणसे थोड्या वर्षांत थकतात किंवा निबर होतात.

नागपुरात प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासून आहे. त्याचे नाव काढताच लोक अजूनही आवाज खाली करतात, आणि घरातील कोणास तेथे न्यावे लागले तर शेजाऱ्यांस ‘गावी गेलाय’ असे सांगतात. ज्यांचे पाऊल त्या दारापर्यंत पडत नाही त्यांच्यासाठी केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेली-मानस’ ही दूरध्वनीची सोय सुरू केली. क्रमांक १४४१६, रात्रंदिवस चालू असतो, पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येते. बोलणाऱ्याचा चेहरा ऐकणाऱ्यास दिसत नाही, तेव्हा फादर बिएस्टेक ह्यांचा तो तिसरा टप्पा केवळ आवाजावर गाठावा लागतो. हुंदका आला असता पलीकडून घाईने प्रश्न आला काय, की कोणी थांबून राहिले, एवढ्यावरून बोलणारा ठरवितो की पुढे बोलावे अथवा फोन ठेवावा.